सुया हातातच राहतील

मी बसचा ड्रायव्हर, बायको कंडक्टर. नोकरीभर बेल हिच्या हातात, रिटायर झाल्यावरही तेच. मग हिच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. आवाज मात्र तसूभर कमी झाला नाही!

क्लिनिकच्या नर्सने सगळ्यांना शिकवलं होतं, काही संकट आलं तर आपलं आपण मशीनपासून सुटायचं. नळ्यांचे चारही चिमटे दाबायचे, चिमट्यांच्या मधून नळ्या सोडवायच्या, सुया मात्र हातात टोचलेल्याच ठेवायच्या, उपटल्या तर रक्त थांबत नाही. बाकीचे पेशंट हसायचे. ही घरी टीव्हीपुढे बसून रबरी नळीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायची, एकाच हाताने, डोळे मिटून.

"काय पोरखेळ लावलायस!"

"तुम्ही बातम्या बघा."

आणि एका दुपारी नदीचं पाणी क्लिनिकात घुसलं. जनरेटर कुठे, तर तळघरात! काय अक्कल पाजळली होती बघा. लाइट गेली, मशीनं बोंबलायला लागली. पेशंट सहा, नर्स एकटी. मी धावलो तर ही ओरडली, "लांब राहा!" आणि पटापट चिमटे दाबून सुटलीसुद्धा. शेजारच्या खाटेवरचे मास्तर घाबरून सुयाच उपटायला निघाले. "मास्तर, सुईला हात लावाल तर याद राखा!" ते जागीच थिजले. हिने एकेक चिमटा सांगत त्यांना सोडवलं, बाकीच्यांना नर्सने.

ट्रकमधून सगळे मोठ्या हॉस्पिटलात पोचलो. डायलिसिस जेमतेम सुरू होऊन तुटलेलं. हिचे पाय सुजलेले, श्वास पुरत नव्हता. तिथला डॉक्टर म्हणाला, "मशीन रिकामं नाही. सुया काढून देतो, परवा या."

परवापर्यंत ही जगणार नव्हती. मी हात जोडले, गयावया केली. हिने मला बाजूला सारलं आणि वॉर्डाच्या दारातच फतकल मारली.

"सुया निघणार नाहीत. तुमचे पेशंट झाले की आम्हाला घ्या. रात्रभर मशीन चालवा."

"बाई, नियम आहे."

"नियम मला सांगता? जन्मभर लोकांना पाळायला लावलेत. पण शेवटच्या गाडीतून मी कुणाला खाली उतरवलं नाही!"

मास्तर हिच्या शेजारी बसले. मग उरलेले चौघेही. डॉक्टर त्या सुया टोचलेल्या हातांकडे बघत राहिला, मग टेक्निशियनला म्हणाला, "रात्रपाळी लाव. आधी या बाईंना घे."

ही माझ्याकडे वळली, हळूच म्हणाली, "मला उचला हो. मघापासून उठताच येत नाहीये."