फेस बसेपर्यंत

बायांनो, आज सकाळचीच गोष्ट सांगते.

आमच्या डेअरीवर आजपासून दूध वजनानं घेऊन राहिले. आधी मापात ओतलं की वर फेस यायचा. डेअरीवाला अन्वर म्हणायचा, “आजी, फेस बसू द्या, मग लिटर मोजू.” तेवढ्या वेळात आमी बाया साऱ्या गावाची उणीदुणी काढायचो.

आज त्यानं दूध काट्यावर ठेवलं आन् लगेच पाच लिटरची चिठ्ठी दिली.

“आन् फेस?”

“फेसात नुसती हवा, आजी. ती काट्याला लागत न्हाई. किलोचे लिटर मशीनच करते.”

“मशीनला काय कळतंय? माप आण.”

शेजारची काशी चिठ्ठी घेऊन निघाली. म्हटलं, “थांब की गं.”

“आता काहून थांबू, मावशी?”

मापातला फेस बसेपर्यंत मी एकटीच उभी. दूध बराबर पाच लिटर भरलं. भांडायलाबी जागा ठेवली न्हाई मेल्यानं.

घरी मी आन् म्हैस. दुपारपर्यंत तिच्याशीच बोलले, ती रवंथ करून राहिली.

तुमच्या गावात काटा आला असल तर सांगा, तिथल्या बाया आता कुठं थांबतात?