स्कॅनआधीचा प्रश्न

आम्हा दिल्लीतल्या मराठी माणसांना एक वाईट खोड आहे. चारचौघांत काही लपवायचं असलं की आम्ही बिनदिक्कत मराठीत बोलतो. भाजीवाल्यासमोर, घरमालकासमोर, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या नाकावर टिच्चून. समोरच्याला काही कळत नाही, आपलं काम होतं. बाबांनी आणि मी या खोडीवर जन्मभर मजा केली. तिनंच पुढे आमचा घात केला.

बाबा केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर सरकारी क्वार्टर सोडून ते माझ्याकडे नोएडाला आले. आई आधीच गेली होती आणि माझं ऑफिस तिथंच, दोन सेक्टर पलीकडे. तेव्हा नोएडात रोज एक नवी काचेची इमारत उभी राहायची. पाणी मात्र इतकं जड, की महिन्याभरात नळाला पांढरा थर धरायचा. बाबांच्या हृदयाच्या झडपेवर तसाच थर बसलाय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला ते लगेच कळलं. झडप पुरती उघडत नव्हती. जिना चढला की त्यांना घेरी यायची, एकदा तर सोसायटीच्या गेटपाशी कोसळले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच सोडलं तर वर्षभर निघणं कठीण.

पंच्याहत्तरी उलटली होती, छाती उघडण्याचं वय नव्हतं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप हृदयापर्यंत न्यायची, हाच मार्ग उरला होता. पण त्याआधी हृदयाचा सीटी स्कॅन. झडपेचं कडं केवढं आहे, जांघेतली वाट नळी जाईल इतकी रुंद आहे का, सगळं त्यावर मोजायचं आणि मगच झडपेचं माप ठरवायचं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "आधी नकाशा, मग वीट. हा डॉक्टर शहाणा दिसतो."

सरकारी आरोग्य योजनेची परवानगी यायला चार महिने लागले. अर्ज बाबांनीच लिहिला, प्रती काढल्या, एकेका कागदावर सही केली. पत्र हातात पडलं त्या दिवशी त्यांनी मला गोडाचा शिरा करायला लावला.

स्कॅनच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं. शिरेतून एक औषध सोडावं लागतं, त्याला ते डाय म्हणत. हे औषध किडनीला जड जातं. "और अंकल, आपका किडनी का रिपोर्ट थोड़ा बढ़ा हुआ है. दर्द की कोई गोली तो नहीं लेते?"

घेत होते की! गुडघ्यासाठी, रोज दोन. सेक्टरच्या मार्केटमधला केमिस्ट चिठ्ठीबिठ्ठी न विचारता पाकीट काढून द्यायचा, आणि ते आणायचे मीच.

मी तोंड उघडणार, तोच बाबा डॉक्टरांकडे हसून बघत मला मराठीत म्हणाले, "गोळीचं बोलू नकोस हं. एकदा त्रुटी निघाली की फाईल परत जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची."

नोकरीत त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. वरून एक शेरा पडला की कागद खाली जातो आणि पुन्हा वर यायला वर्ष लागतं. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. वर्ष आमच्याकडे नव्हतं.

"क्या कह रहे हैं अंकल?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोड़ा घबरा रहे हैं," मी म्हणाले. "गोली-वोली कुछ नहीं लेते."

स्कॅन झाला. दुपारी डॉक्टरांनी आम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर बाबांचं हृदय होतं. डॉक्टर ते फिरवत होते, हवं तिथं कापून आत दाखवत होते. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "अगं, हा सेक्शन बघ! कसा सुरेख निघालाय!" कडं गोल नव्हतं, लांबट होतं. डॉक्टरांनी त्याच्या कडेनं रेघ फिरवली, घेर मोजला आणि झडपेचं माप लिहून घेतलं. जांघेतली वाट चांगली होती. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलं.

"पास झालो बुवा," बाबा बाहेर येताना म्हणाले. घरी जेवण झाल्यावर त्यांनी गुडघ्याची गोळी घेतली. पाण्याचा पेला मीच दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांची लघवी जवळजवळ बंद झाली. पाय सुजले, बसल्याजागी धाप लागायला लागली. माझी पाचावर धारण बसली. त्यांना गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. किडन्यांनी काम सोडलं होतं, फुप्फुसात पाणी भरत होतं. डायलिसिस सुरू झालं. त्या अवस्थेत पुन्हा डाय देऊन झडप बसवणं शक्य नाही असं डॉक्टर म्हणाले. मंगळवार आला आणि गेला.

कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांनी मला पुन्हा विचारलं, "कुछ तो ले रहे थे?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, "वो गोली और डाय, दोनों का बोझ किडनी पर ही पड़ता है. बता देते तो गोली बंद करवा के हफ़्ता भर रुकते. सलाइन देते, कम डाय में स्कैन कर लेते. बस. कैंसिल कोई नहीं करता."

हफ्ताभर! चार महिने काढले होते आम्ही, आठवडा काय जड होता? मला तिथल्या तिथे स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. बाबांचाही असा संताप आला की विचारू नका. जीव जायची वेळ आणि माणसाला काळजी कसली, तर फाईलची! पण गोळ्या आणत होतं कोण? डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा देऊन नाही म्हणालं कोण? इतक्या सराईतपणे म्हणाले होते मी, की माझी मलाच किळस आली.

डोळे पुसून आत गेले. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं आणि मास्क थोडा बाजूला केला.

"सांगितलं नाहीस ना त्यांना?"

"नाही बाबा."

"शाब्बास," ते म्हणाले. "मग करतील ते ऑपरेशन."

मी मास्क नीट बसवला. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.