पित्त फुटलेलं पापलेट

"कडू म्हंजे काय? तोंड कडू झालं असंल तुजं!"

"आये, तोंड नाही, पापलेट कडू झालंय." भूपेशने ताट पुढे सारलं. "समिधा, तू सांग."

सून समिधा घास गिळून घटाघटा पाणी प्यायली. शेवंतीला तेवढं पुरे होतं.

राई गावच्या शेवंतीच्या हातून पित्त फुटलं, हे गावात कुणाला पटलं नसतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती केबिन रोडला मासळीची पाटी लावत होती. 'मौसी, भरने के लिए देना' असं गिऱ्हाईक म्हणालं, की पोट न फाडता कल्ल्याजवळ बारीक चीर द्यायची, बोट आत घालून आतडी अलगद ओढायची. मासा अखंड. आज घरच्याच पापलेटात बोट चुकलं. पित्त आत पसरलं. तिने धुतलं, हळद-मीठ चोळलं, हिरवं वाटण भरलं. पण व्हायचं ते झालंच.

"बगितलंत ना?" ती उसळली. "माजा हात, तरी फुटलं. त्यो डॉक्टर तर काड्या घालून काडणार! माजं पोट सरळ उभं फाडा. न्हायतर ऱ्हाऊ दे ती गाठ."

गाठ जठराच्या भिंतीत होती. दुर्बिणीने, बारीक भोकांतून काढू, लवकर हिंडाफिरायला लागाल, असं बेव्हर्ली पार्कच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले होते. पण गाठ आत फुटता कामा नये, असंही म्हणाले होते. तेव्हापासून शेवंतीचा पाय एका जागी ठरत नव्हता. बसली की उठायची, विळी धुवायची, धुतलेली पुन्हा धुवायची.

"जा, डॉक्टरला मासे साफ करायला शिकव आता!" भूपेश ओरडला.

"तू गप रे. आई, बोट आत घालता तेव्हा तुम्हाला काही दिसतं?" समिधाने विचारलं.

"दिसाचं काय? हाताला कलतं."

"त्यांना दिसतं. आत कॅमेरा असतो, टीव्हीवर सगळं मोठं. आणि गाठ तशीच ओढत नाहीत. आतल्या आत पिशवीत भरतात, तोंड आवळतात, मग एक भोक थोडं वाढवून पिशवी बाहेर. मी विचारून आलेय."

"पिशवी जाते कशी आत?"

"गुंडाळून."

"आन न्हाय जमलं तर?"

"तर तिथंच थांबतात आणि पोट उघडतात. ते कागदावर आधीच सही घेऊन ठेवतात."

शेवंती मोरीत गेली, आली, पुन्हा गेली. पापलेट मागच्या दारी मांजरीला टाकलं. मांजरीने हुंगलं आणि शेपटी वर करून निघून गेली.

"या रांडेला पन नको," शेवंती पुटपुटली आणि हात पदराला पुसत आत आली.

"सोमवारी मी भरती होते. त्यांना आत दिसतंय, तर काड्यांनीच काडू दे. संगती समिधा येल. भूपेश, तू पाटीवर बसशील, आन पापलेट पोट फाडूनच साफ करशील."