एका बादलीची परीक्षा

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे पाणी उताराकडे वाहतं, याबद्दल माझी पक्की खात्री होती. म्हणून निवृत्तीनंतर मलकापूरच्या घरी तळघरात आईसाठी न्हाणीघर करायचं ठरलं, तेव्हा मिस्त्रीला शिकवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

आईचे गुडघे धरले होते. कोमट पाण्यात बसवत जा, असं डॉक्टर म्हणाले. वर कूलरसुद्धा गरम हवा फेकायचा, त्यामुळे उन्हाळाभर ती तळघरातच राहायची. टब तिथेच हवा होता. गुडघे दुखणाऱ्या बाईला टबाच्या काठावरून पाय टाकावा लागतो, हे मला टब घरी आल्यावर सुचलं. मग एक पायरी केली आणि भिंतीला दांडा लावला.

मिस्त्री रोहिणखेडचे, माझ्याहून वयानं मोठे. सगळे त्यांना चाचा म्हणत. रस्त्याची नाली तळघराच्या फरशीहून वर होती, म्हणून त्यांनी कोपऱ्यात खड्डा बांधून त्यात मोटर बसवली. टबाचं पाणी आधी खड्ड्यात, मग मोटरीनं वर. मी चार वेळा पाइपाचा उतार तपासला. चारही वेळा तो बरोबर निघाला, याचा मला थोडा रागच आला.

टबाभोवती विटा रचून फरशी लावायच्या आधी चाचा म्हणाले, "सर, टब गच्च भरून एक डाव सोडू द्या."

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. पाहुण्यालाही आम्ही अर्धा पेला पाणी देतो आणि लागलं तर आणखी विचारतो. भरलेला टब नुसता बघायला म्हणून सोडून द्यायचा, हे मला पटेना.

"एक बादली ओता," मी शाळेतल्या मराठीत म्हणालो. "बादली गेली की टबही जाईल. नियम तोच."

"बाल्टीनं कयत नाही, सर. भरला म्हंजे टब खाली बसते. सांधा तवाच बोलते."

"बादली ओता."

बादली झकास गेली. मी चाचांकडे वर्गात बघावं तसं बघितलं. फरशी लागली.

पहिल्या दिवशी बायकोनं आईला टबात बसवलं आणि ती स्वयंपाकाला वर आली. मी शेजाऱ्यांना टबाची हकिकत सांगत होतो. कूलर घोंघावत होता. खाली आईनं, मी शिकवलं होतं तसं, बूच ओढलं. पण टब वजनानं खाली बसला होता आणि त्याचा पाइप सांध्यातून निसटला होता. सगळं पाणी विटांखालून फरशीवर आलं. घसरायच्या भीतीनं आईला उतरता येईना. ती हाका मारत राहिली. बायको खाली गेली तेव्हा आई रिकाम्या टबात, ओल्या लुगड्यात, दांडा घट्ट धरून बसली होती. मला लाज वाटली. आजही वाटते.

चाचांनी फरशी फोडली, टबाखाली सिमेंट भरलं, सांधा नवा केला. 'मी म्हटलं होतं,' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. या वेळी टब काठोकाठ भरला. चाचा कपड्यांसकट आत बसले आणि त्यांनी बूच ओढलं. एक थेंब बाहेर आला नाही. आईच्या सांगण्यावरून मोटरीचा पाइप लिंबाच्या आळ्यात सोडला होता, त्यामुळे पाणीही वाया गेलं नाही. ही सोय पहिल्या वेळीही करता आली असती. पण तेव्हा मी आईला काही विचारलंच नव्हतं.

टब आता उत्तम चालतो. आई त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करते. गुडघे तसेच आहेत. परवा मी विनवून पाहिलं, "माय, आता बस नं टबात. मी दाराशीच उभा राहतो."

तिनं तांब्या भरून घेतला.

"राहू दे रे. मले बाल्टीच बरी. तुनं तिचीच तं परीक्षा घेतली होती."