बॅटरी माझ्या मुठीत होती

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. कुणी भुताखेताच्या गप्पा सुरू केल्या की मी चहा करायला उठायचो. आजही मानत नाही... पण हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

९६ किंवा ९७ साल असेल. बहरीनमध्ये गुदैबियाला आमच्या सिक्युरिटी कंपनीचं वर्कशॉप होतं. मला श्रीवर्धनहून तिथे आणलं इस्माईलभाईंनी — माझे मामेभाऊ. व्हिसा त्यांनीच केला, पहिले सहा महिने त्यांच्याच खोलीत राहिलो.

एका बॉडीगार्डचं छोटं रिव्हॉल्व्हर आलं होतं. शर्टाखाली लपेल एवढंसं. मुठीत लेझर बसवलेली. मूठ आवळली की जिथे गोळी लागणार तिथे लाल ठिपका पडायचा. तो ठिपका जरा डावीकडे जात होता, एवढीच तक्रार. गोळ्या आधीच काढलेल्या. दुपारी जेवणानंतर मी ते टेबलाच्या व्हाइसमध्ये घट्ट धरलं, तोंड भिंतीकडे, आणि लेझरची बॅटरी काढून हातात घेतली.

इस्माईलभाई माझ्या मागे स्टुलावर बसून बॅग भरायची यादी करत होते. आठवड्याने सुट्टीवर जाणार होते.

"रफिक, बंद कर रे ते."

वळून पाहिलं. त्यांच्या शर्टाच्या खिशावर लाल ठिपका! स्थिर. भाईंनी हाताने झटकला, तर तो हाताच्या पाठीवर आला. हात काढला — पुन्हा खिशावर.

"भाई, बॅटरी माझ्याकडे आहे," मी मूठ उघडून दाखवली. रिव्हॉल्व्हर तर उलट्या दिशेला होतं. खोलीत दुसरी लेझर नव्हती, खिडकीला जाड पडदा. अर्धा मिनिट तरी तो तिथे होता. मग गेला.

भाई हसले, पण चेहरा उतरला होता. "सकाळपासून इथेच जड वाटतंय," ते खिशावर हात ठेवून म्हणाले.

"डॉक्टरकडे जाऊ या?"

"सुट्टीवरून आलो की, इंशाल्ला. आता दाखवलं तर सुट्टी अडकेल. आणि हे कुणाला बोलू नकोस, येडे म्हणतील."

मी हट्ट धरला नाही. रिव्हॉल्व्हर त्याच दिवशी परत द्यायचं होतं, म्हणून पुन्हा कामाला लागलो...

तिसऱ्या दिवशी बुसैतीनला एका घरात अलार्म बसवताना भाई शिडीवरून खाली उतरले, पायरीवर बसले, आणि खलास. हृदयाच्या नळ्या कधीच्या तुंबलेल्या होत्या, असं डॉक्टर म्हणाले. दफन तिथेच झालं. गावी कुणाला चेहराही दिसला नाही.

तो ठिपका कुठून आला, मला माहीत नाही. ते रिव्हॉल्व्हर मी दोनदा पूर्ण उघडून पाहिलं. काहीही बिघाड नव्हता.

दफनानंतर मी भाभींना फोन लावला. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "रफिक, आधी काहीच कळलं नाही का रे? काही बोलले नाहीत?"

मी म्हणालो, "नाही भाभी. काहीच नाही."

दर ईदला त्या अजून तेच विचारतात. मीही तेच सांगतो.