एकटाच बसलेला

धुळ्याच्या आमच्या शाळेत परीक्षेला मास्तर वर्गात थांबत नसत. विश्वासाची पद्धत म्हणे! कोणी नक्कल करताना दिसला, तर बघणाऱ्याने नाव न घेता नुसतं उभं राहायचं. ते पाहून नक्कल करणाऱ्याने आपणहून कबुली द्यायची.

मला मागाहून कळलं ते असं: भूमितीच्या पेपराला आधी एक जण उठला. मग दुसरा. बसून राहिलो तर आपल्यावरच संशय येईल, या धास्तीने सगळा वर्ग उभा राहिला. मी मात्र प्रमेयात गढलो होतो. टाक दौतीत बुडवताना मान वर केली, तेव्हा हेडमास्तर दारात होते आणि बसलेला मी एकटाच होतो.

माझं नाव शाळेतून काढलं. धरणगावला घरी गेलो. नक्कल केलीस का, हे वडिलांनी विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, "बठ्ठा उठनात, तू का बरं नही उठना?"

वडील गेले, पण सगळे उठले तेव्हा तू का नाही उठलास, हा त्यांचा प्रश्न काही गेला नाही.

पुढे त्याच हेडमास्तरांच्या शोकसभेत श्रद्धांजलीसाठी सगळे उठले. मी मुद्दाम बसून राहिलो. सहज मागे पाहिलं, तर शेवटच्या बाकावर आणखी एक जण बसून होता. भूमितीच्या पेपराला सर्वांत आधी उठलेला तोच. त्याची मान खाली होती.