पुसण्याचा अधिकार सोडणारे सर

आमच्या संस्थेचा संगणक विभाग उभा करणारे दिगंबरराव सर साठ वर्षांचे होत आहेत. मी त्यांना प्रथम पाहिलं ते नांदेडच्या कचेरीत, पासवर्डच्या चिठ्ठ्या वाटत टेबलाटेबलाशी फिरताना. तोवर नांदेड आणि लातूर या दोन्ही कचेऱ्यांच्या साऱ्या फायली संगणकावरच्या एकाच सामायिक साठ्यात असत आणि अख्खी कचेरी एकाच नावानं आत शिरत असे. गावजेवणासारखं, कोण आलं, कोण गेलं, पत्ता नाही. सरांनी प्रत्येकाला वेगळं नाव दिलं आणि कुणी कोणती फाईल उघडली, बदलली, पुसली याची नोंद सुरू केली.

"पाळत ठेवून राहिलात का सर आमच्यावर?" मी फणकारले होते.

"पाळत न्हाई, ताई. उद्या आळ आला तर साक्षीदार नको का?"

आळ आला तो माझ्यावरच. किनवटच्या वसतिगृहातल्या मुलांच्या दाखल्यांचं फोल्डर गायब झालं. ते काम माझ्याकडं होतं आणि मी उमरीहून आलेली कंत्राटी कर्मचारी. सचिवांनी मला काढायचं ठरवलंच होतं. सरांनी एक दिवस मागून घेतला. साठा एक असला तरी तो चालवणारी यंत्रं तीन होती आणि प्रत्येक यंत्र आपापली नोंद ठेवी. दोन यंत्रांवर काहीच सापडलं नाही, तिसऱ्यावर सापडलं.

दुसऱ्या दिवशी सभेत सर उभे राहिले. "पुसणाऱ्याचं नाव दिगंबर. जुनी प्रत समजून साफसफाईत म्याच उडवलं. राखीव प्रतीवरून परत आणलंय. हिचा काडीचा दोष न्हाई."

मला रडूच कोसळलं. ती नोंद वाचू शकणारे सर एकटेच होते, पुसू शकणारेही तेच. ते गप्प राहिले असते तर माझी नोकरी गेली असती आणि कुणाला काही कळलं नसतं.

त्याच आठवड्यात त्यांनी तिन्ही यंत्रांच्या नोंदी थेट लातूरच्या कचेरीत साठवायची सोय केली आणि त्या पुसण्याचा स्वतःचा अधिकार काढून टाकला. "इतकं कशाला, सर?" मी विचारलं.

"मी लई चांगला माणूस हाय, हे तुम्ही का म्हणून धरून चालायचं?"

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेव्हा बदनाम होऊन उमरीला परतणार होते ती मी आज त्यांच्या खुर्चीवर बसते. सरांना शंभर निरोगी वर्षं लाभोत, आणि त्यातल्या एखाद्या वर्षी तरी मला त्या खुर्चीची लायकी येवो.